मत नसलेल्याची सही

संचालक मंडळाच्या बैठकीत एक माणूस असा असतो, ज्याला मत नसते. विषयपत्रिका त्यानेच तयार केलेली असते, गणपूर्ती झाली की नाही ते तो पाहतो, कोण काय बोलले ते टिपून घेतो. ठराव मतास टाकला की मात्र त्याचा हात वर जात नाही. तरीही उद्या त्याच ठरावातून कायद्याचा भंग झाला, तर ज्यांना नोटीस जाते त्यांच्यात त्याचे नाव असते. हा माणूस म्हणजे कंपनी सेक्रेटरी, अर्थात सीएस. निर्णय घ्यायचा अधिकार नाही आणि जबाबदारी मात्र आहे, ही मांडणी वरवर पाहता अन्यायाची वाटते. कायद्याने ती तशी का केली, तिच्यात धोका नेमका कुठे आहे आणि त्यातून वाट कशी निघते, हे शांतपणे उलगडून पाहायला हवे.

रत्नागिरीत याची गरज अधिक आहे. या जिल्ह्याची ओळख आंबा, काजू आणि मासळीची असली तरी इथे कंपन्यांचा वावर मोठा आहे. रणपारला फिनोलेक्सचा पीव्हीसीचा कारखाना आहे, जयगडला जेएसडब्ल्यूचे वीजकेंद्र आणि बंदर आहे, खेड तालुक्यात लोटे-परशुरामची रासायनिक वसाहत आहे, गुहागरजवळ अंजनवेलचा वीजप्रकल्प आहे. जिल्ह्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावणारी कोकण रेल्वेसुद्धा १९९० साली स्थापन झालेली कंपनीच आहे. रेल्वे मंत्रालयाने आणि चार राज्यांनी मिळून तिचे भागभांडवल उभे केले. रत्नागिरी-चिपळूणच्या महाविद्यालयांत वाणिज्य शाखा घेतलेली मुले-मुली ‘सीएस करतोय’, ‘सीएस करतेय’ असे सांगतात, तेव्हा घरच्यांना पदवीचा मान कळतो. त्या सहीचे वजन मात्र पहिली नोकरी लागेपर्यंत फारसे कोणी सांगत नाही.

सुरुवात कंपनीपासूनच करू. कंपनी ही कायद्याने निर्माण केलेली व्यक्ती. तिच्या नावावर जमीन असते, ती कर्ज काढते, फिर्याद लावते. पण तिला डोळे नाहीत, कान नाहीत आणि आठवण तर नाहीच. तिच्या वतीने विचार करणारे संचालक वर्षातून काही वेळा एकत्र येतात. कायद्याची अपेक्षा साधारणपणे वर्षाला किमान चार बैठकांची आहे, आणि दोन बैठकांत १२० दिवसांपेक्षा जास्त अंतर पडू नये अशी. मधल्या काळात कंपनीने काय ठरवले होते, कोणती मुदत कधी संपते, कोणत्या परवानगीशिवाय कोणते पाऊल टाकता येत नाही, हे कोणीतरी धरून ठेवावे लागते. ते काम सेक्रेटरीचे.

हे स्थान त्याला एका दिवसात मिळालेले नाही. १८८७ साली बार्नेट होअर्स विरुद्ध साउथ लंडन ट्रामवेज या खटल्यात इंग्लंडच्या न्यायालयाने सेक्रेटरीला निव्वळ सांगितले ते करणारा नोकर मानले होते. त्याच्या शब्दाने कंपनी बांधली जात नाही, असा तो निवाडा. पुढे १९७१ साली पॅनोरमा डेव्हलपमेंट्सच्या खटल्यात लॉर्ड डेनिंग यांनी हे चित्र बदलले. एका कंपनीच्या सेक्रेटरीने कंपनीच्या नावाने मोटारी भाड्याने घेऊन स्वतःसाठी वापरल्या होत्या. सेक्रेटरी आता कंपनीचा महत्त्वाचा अधिकारी आहे, प्रशासकीय कामात त्याचा शब्द कंपनीचा शब्द ठरतो, म्हणून भाडे कंपनीनेच द्यायला हवे, असे न्यायालयाने ठरवले. भारतात १९८०च्या कंपनी सेक्रेटरीज कायद्याने या व्यवसायाला वैधानिक संस्था आणि शिस्तीचे नियम दिले. २०१३च्या कंपनी कायद्याने सेक्रेटरीला व्यवस्थापकीय संचालक आणि मुख्य वित्त अधिकारी यांच्या पंक्तीत, म्हणजे प्रमुख व्यवस्थापकीय अधिकाऱ्यांत बसवले. शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीला, आणि भरणा झालेले भांडवल १० कोटी रुपये किंवा त्याहून अधिक असलेल्या इतर कंपन्यांनाही, पूर्णवेळ सेक्रेटरी नेमणे बंधनकारक आहे. पद रिकामे झाले तर सहा महिन्यांत भरावे लागते.

पंक्तीत बसवले म्हणजे ताटात जबाबदारीही वाढली. कायद्याच्या कलम २, उपकलम ६० मध्ये ‘कसूर करणारा अधिकारी’ कोण, याची यादी आहे. कंपनीच्या हातून भंग झाला की दंड किंवा शिक्षा कोणावर, हे या यादीवरून ठरते. तिथे पूर्णवेळ संचालकांच्या लगेच खाली प्रमुख व्यवस्थापकीय अधिकारी येतात, आणि त्यांच्यापुढे कुठलीही अट जोडलेली नाही. बाहेरून येणाऱ्या साध्या संचालकाचे तसे नाही. भंगाची त्याला माहिती होती, इतिवृत्त हाती येऊनही तो गप्प बसला, किंवा त्याची संमती होती, असे काही दिसले तरच तो यादीत येतो. मत असलेल्या संचालकाला ‘मला माहीत नव्हते’ ही वाट मोकळी आहे; मत नसलेल्या सेक्रेटरीला ती जवळजवळ बंद आहे.

इथे कोणीही विचारेल, हा न्याय कसला? ज्याने ठरवले तो सुटू शकतो आणि ज्याने लिहून घेतले तो अडकतो?

याचे उत्तर त्याच्या कामातच आहे. कलम २०५ सांगते की कायद्याचे पालन होते आहे की नाही, याचा अहवाल सेक्रेटरीने मंडळाला द्यायचा. नियमांनुसार संचालकांना त्यांच्या कर्तव्यांबाबत मार्गदर्शन करायचे, सभा बोलवायच्या, इतिवृत्त ठेवायचे, आवश्यक मंजुऱ्या मिळवायच्या, सरकारी यंत्रणांपुढे कंपनीची बाजू मांडायची, हे सगळे त्याच्याकडे. म्हणजे ‘माहीत असणे’ हेच त्याचे पद आहे, पगारही त्याचाच आहे. ज्याला माहिती ठेवण्यासाठीच नेमले, त्याला माहिती नसल्याची सबब कायदा सहजी देत नाही. त्याच कलमात पुढे असेही म्हटले आहे की यामुळे संचालक मंडळाची, अध्यक्षांची आणि व्यवस्थापकीय संचालकांची कर्तव्ये कमी होत नाहीत. त्यामुळे सेक्रेटरी कोणाच्या बदली उभा नाही. तो त्यांच्या जोडीने उत्तरदायी आहे, आणि त्याचे उत्तरदायित्व जाणण्याचे आणि जाणवून देण्याचे आहे.

कोकणातल्या माणसाला ही गोष्ट सातबाऱ्यावरून चटकन पटेल. सामायिक जमिनीची वाटणी भाऊ करतात, तलाठ्याचा त्या जमिनीत इंचभरही हिस्सा नसतो. पण फेरफाराची नोंद चुकीची झाली की तीन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या चढतात, आणि ती नोंद जाणूनबुजून खोटी केली असेल तर तलाठ्यालाही जाब द्यावा लागतो. नोंद ठेवणाऱ्याचे सामर्थ्य आणि त्याचा धोका एकाच ठिकाणी असतात.

सेक्रेटरीच्या बाबतीत ते ठिकाण म्हणजे इतिवृत्ताची वही. कलम ११८नुसार बैठक झाल्यापासून तीस दिवसांत इतिवृत्त वहीत नोंदले गेले पाहिजे. सचिवीय मानकांप्रमाणे मसुदा पंधरा दिवसांत संचालकांकडे जातो, त्यांना हरकती कळवायला सात दिवस मिळतात. एकदा वहीत नोंद झाली की मंडळाच्या मंजुरीशिवाय तीत बदल करता येत नाही. अशा रीतीने ठेवलेले इतिवृत्त न्यायालयात पुरावा ठरते. उलट सिद्ध होईपर्यंत बैठक रीतसर झाली आणि कामकाज तसेच झाले, असे मानले जाते. याच कलमात शिक्षेच्या दोन पायऱ्या आहेत आणि त्यांतले अंतर बोलके आहे. इतिवृत्त ठेवण्यात कसूर झाली तर कंपनीला २५ हजार आणि अधिकाऱ्याला ५ हजार रुपये दंड. इतिवृत्तात फेरफार केल्याचा दोष सिद्ध झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार ते एक लाख रुपये दंड. आळस कायदा पैशांवर सोडतो. खोटेपणाला तुरुंग दाखवतो.

या वहीचे वजन किती, हे समजायला गुहागरचाच धागा धरता येतो. अंजनवेलच्या दाभोळ पॉवर कंपनीमागे अमेरिकेतली एन्रॉन होती. पहिल्या टप्प्याची ७४० मेगावॉट वीज मे १९९९मध्ये सुरू झाली. पुढच्याच महिन्यात, २८ जूनला, एन्रॉनच्या संचालक मंडळाने एका विशेष बैठकीत आपल्याच मुख्य वित्त अधिकाऱ्याला एलजेएम नावाची खासगी भागीदारी चालवायला आणि तिने एन्रॉनशीच व्यवहार करायला मुभा दिली. अंजनवेलचा प्रकल्प वीज मंडळाशी दराचा वाद होऊन २००१च्या मध्याला बंद पडला. डिसेंबर २००१मध्ये एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली. दोन्ही गोष्टींची कारणे वेगळी होती. पण चौकश्या सुरू झाल्या तेव्हा कोणाला काय सांगितले गेले होते आणि कोणी कशाला मंजुरी दिली होती, हे शोधण्यासाठी मंडळाची आणि समित्यांची इतिवृत्ते उघडली गेली. फेब्रुवारी २००२चा पॉवर्स समितीचा अहवाल आणि जुलै २००२चा अमेरिकी सिनेटच्या उपसमितीचा अहवाल, दोहोंना त्या कागदांचा मोठा आधार होता. सिनेटच्या उपसमितीने संचालकांनाही दोष दिला, कारण धोक्याच्या खुणा त्यांच्यासमोर आल्या होत्या. तीन वर्षांपूर्वी कोणीतरी टिपून ठेवलेली पाने हजारो माणसांच्या बुडालेल्या पैशांबद्दल बोलू लागली.

आता धोका प्रत्यक्षात कसा येतो ते पाहू. तो फारच साध्या वाक्यांतून येतो. ‘बँकेला उद्या ठराव हवाय, मागच्या तारखेची मीटिंग दाखवा.’ ‘मिनिट्स नंतर लिहू, आधी प्रमाणित प्रत द्या.’ ‘सगळ्यांची डिजिटल सही तुमच्याकडेच आहे ना, लावून टाका.’ बोलणाऱ्याच्या मनात अनेकदा फसवणूक नसते, घाई असते. पण ठरावाच्या प्रमाणित प्रतीवर सेक्रेटरी सही करतो तेव्हा बैठक झाली, गणपूर्ती होती आणि हा ठराव संमत झाला, अशी ग्वाही तो देत असतो. बँक त्या कागदावर कर्ज मंजूर करते. वार्षिक विवरणपत्रावर संचालकाबरोबर त्याची सही असते, आर्थिक पत्रकांवरही असते. कायद्याखाली द्यायच्या कागदपत्रात महत्त्वाची बाब खोटी आहे हे माहीत असूनही ती लिहिली, किंवा महत्त्वाची बाब माहीत असून गाळली, तर कलम ४४८ ते प्रकरण थेट कलम ४४७च्या फसवणुकीकडे नेते. फसवणुकीची तिथली व्याख्या रुंद आहे. फसवण्याचा किंवा गैरफायदा घेण्याचा हेतू असला की पुरे. प्रत्यक्षात कोणाचे नुकसान झाले की नाही, हा प्रश्न उरत नाही. मोठ्या रकमेच्या प्रकरणात सहा महिने ते दहा वर्षे कैद आणि फसवणुकीच्या रकमेपासून तिच्या तिप्पटीपर्यंत दंड. सार्वजनिक हित गुंतले असेल तर किमान तीन वर्षे. जामीनही सहज मिळत नाही. शिवाय संगणकीय प्रणालीत प्रत्येक फॉर्म कधी भरला, सही कधी लागली, याची वेळ नोंदलेली असते. मागची तारीख कागदावर टाकता येते, यंत्रणेतून ती पुसता येत नाही.

कंपनी कायद्याच्या बाहेरही हा धागा जातो. लोटे-परशुरामच्या कारखान्यांचे सांडपाणी आणि दाभोळ खाडीतली मासळी हा इथला जुना, दुखरा प्रश्न आहे. खाडीकाठचे मच्छीमार कित्येक वर्षे त्याबद्दल दाद मागत आहेत. प्रदूषण कंपनीकडून झाले तर माणूस कोण पकडायचा, याचे उत्तर १९७४च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम ४७मध्ये दिले गेले. कारभार ज्याच्या हाती होता तो दोषी. आणि संचालक, व्यवस्थापक, सेक्रेटरी किंवा अन्य अधिकारी यांच्या संमतीने, संगनमताने किंवा हलगर्जीपणामुळे गुन्हा घडला असेल तर तोही दोषी. कारभार हाती असलेल्याने आपल्याला माहिती नव्हती, किंवा आपण पुरेशी दक्षता घेतली होती, हे सिद्ध केले तर त्याची सुटका होते. कारखान्याच्या नळीवर सेक्रेटरीचा हात नसतो. पण प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोटीस संचालक मंडळाच्या टेबलावर आली की नाही, ती विषयपत्रिकेवर घेतली गेली की फाइलमध्ये दडली, हे त्याच्या हातात असते. हलगर्जीपणाचा प्रश्न तिथे उभा राहतो.

धनादेश न वटल्याच्या प्रकरणांत मात्र न्यायालयाने रेषा काळजीपूर्वक ओढली आहे. के. के. आहुजा विरुद्ध व्ही. के. व्होरा या २००९च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की व्यवस्थापकीय संचालक पदामुळेच जबाबदार असतो, धनादेशावर सही करणारा सहीमुळे. पण सेक्रेटरीला कंपनीच्या गुन्ह्याबाबतच्या मुख्य तरतुदीखाली आरोपी करायचे तर तो कंपनीच्या कारभाराचा प्रमुख आणि त्यासाठी उत्तरदायी होता, असे तक्रारीत स्पष्ट म्हटले पाहिजे. नुसते पद पुरेसे नाही. इथेही तेच तत्त्व दिसते: ज्याचे जे काम, तेवढे त्याचे उत्तर. सेक्रेटरीचे काम जाणण्याचे आणि नोंदण्याचे असल्यामुळे त्याची परीक्षाही तिथेच होते.

हे तत्त्व पटले की संरक्षण कुठे शोधायचे तेही कळते. ज्या नोंदीमुळे तो अडकू शकतो, त्याच नोंदीने तो वाचतो. मंडळ चुकीच्या दिशेने जात असेल तर त्याला मत देऊन अडवता येत नाही. कायदा काय सांगतो हे लेखी सांगता येते. ते टिपण विषयपत्रिकेबरोबर जोडता येते, पालनाच्या अहवालात मांडता येते, एखाद्या संचालकाचा विरोध इतिवृत्तात त्याच्या नावासह नोंदवता येतो. इतिवृत्तात काय असावे यात अध्यक्षांना काही बाबतींत वगळण्याचा अधिकार आहे. सेक्रेटरीने स्वतंत्रपणे पाठवलेले लेखी टिपण मात्र कोणी वगळू शकत नाही. प्रामाणिकपणे आणि विचाराने वागलेल्या अधिकाऱ्याला परिस्थिती पाहून जबाबदारीतून मुक्त करण्याचा अधिकार कलम ४६३ने न्यायालयाला दिला आहे. कारवाई होण्याची भीती असेल तर आधीच उच्च न्यायालयाकडे जाता येते. पण प्रामाणिकपणा दाखवायला कागद लागतो. ‘मी तोंडी सांगितले होते’ हे वाक्य चौकशीच्या खोलीत फार दुबळे ठरते.

शेवटचा उपाय राजीनामा. त्यातही एक काळजी आहे. संचालकाने राजीनामा दिला तर तो स्वतः कंपनी निबंधकाला कळवू शकतो, त्यासाठी वेगळा फॉर्म आहे. सेक्रेटरीचे पद सुटल्याची नोंद मात्र कंपनीने भरलेल्या फॉर्मवरून होते. कंपनीने तो भरलाच नाही तर माणूस नोकरी सोडून जातो आणि नाव नोंदवहीत राहते. पुढची नोटीस त्याच नावावर निघते. म्हणून राजीनामा पोचल्याची पावती, कागदपत्रे सोपवल्याची यादी आणि फॉर्म भरल्याची प्रत घेतल्याशिवाय निघू नये. अलीकडे अनेक कसुरी फौजदारीतून काढून निबंधकाच्या दंडाखाली आणल्या आहेत. वार्षिक विवरणपत्र चुकले तर अधिकाऱ्यावर १० हजार आणि पुढे दिवसाला १०० रुपये, कमाल ५० हजारांपर्यंत. रकमा लहान वाटतात. पण अधिकाऱ्याने हा दंड स्वतःच्या पैशातून भरावा असे आदेशांत सहसा स्पष्ट लिहिलेले असते, आणि तो आदेश त्याच्या नावावर कायम राहतो.

हे सगळे मोठ्या कारखान्यांपुरते आहे असे मानू नये. आंबा-काजू बागायतदारांच्या शेतकरी उत्पादक कंपन्या आता कोकणातही उभ्या राहत आहेत. अशा कंपनीची उलाढाल सलग तीन वर्षे प्रत्येकी पाच कोटी रुपयांच्या वर गेली की तिलाही पूर्णवेळ सेक्रेटरी ठेवावा लागतो. तिथले संचालक म्हणजे बागायतदारच. त्यांना कलमे पाठ असणार नाहीत आणि असायचे कारणही नाही. त्यांच्याशी इमानाने आणि मराठीत बोलणारा, ‘दादा, ही मीटिंग झाली नाही, म्हणून हा ठराव मी देऊ शकत नाही’ असे शांतपणे सांगणारा सेक्रेटरी त्या शेकडो सभासदांच्या पैशाचा राखणदार ठरेल. त्याला तसे म्हणता यावे यासाठी मालकांनी आणि अध्यक्षांनीही समजून घ्यायला हवे: नकार देणारा सेक्रेटरी अडवणूक करत नसतो, उद्याच्या नोटिशीतून तो सर्वांना वाचवत असतो.

म्हणून रत्नागिरीहून या व्यवसायात पाऊल टाकणाऱ्यांना कळकळीने सांगावेसे वाटते की या पदाच्या जोखमीला घाबरू नका, आणि तिला हलकेही घेऊ नका. कायद्याने तुम्हाला मत दिलेले नाही, कारण त्याला तुमच्याकडून दुसरे काहीतरी हवे आहे. घडले ते घडले तसे लिहिणारा, न घडलेले न लिहिणारा आणि चुकत असेल तिथे वेळेवर, लेखी सांगणारा एक माणूस त्या टेबलाशी हवा. एवढे ज्याने सांभाळले, त्याला मत नसल्याची खंत वाटायचे कारण नाही. त्याच्या सहीवर भागधारक, बँका, कामगार आणि खाडीकाठची माणसेसुद्धा विसंबून असतात.